‘दर ४ ते ६ तासांनी, गरज वाटल्यास’: या ओळीतला सहाचा आकडा नेमकं काय करतो?

केसपेपरवर ओळ अशी असते: ‘पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, १ ते २ गोळ्या, दर ४ ते ६ तासांनी, एसओएस.’

वाचायला अगदी साधी. वॉर्डात अशा ओळी रोज डोळ्यांखालून जातात आणि कुणी थबकत नाही. पण एकदा गुणाकार करून बघा. एक गोळी दर ६ तासांनी दिली तर दिवसाला ४ गोळ्या, म्हणजे २ ग्रॅम. दोन गोळ्या दर ४ तासांनी दिल्या तर १२ गोळ्या, म्हणजे ६ ग्रॅम. मोठ्या माणसासाठी पॅरासिटामॉलची दिवसाची मर्यादा आहे ४ ग्रॅम. ऑर्डर एकच आणि ती तंतोतंत पाळणाऱ्या सिस्टर दोन. एकीच्या हातून पेशंटला दुसरीच्या तिप्पट औषध जातं आणि तेही यकृताला धोका होईल इतकं. चौकशी झाली तर दोघीही चार्ट पुढे करतील आणि म्हणतील, लिहिलंय तसंच दिलं. दोघींचंही खरं असेल.

आधी त्या ‘एसओएस’बद्दल, कारण नातेवाईक हमखास विचारतात. बुडत्या जहाजाच्या संदेशाशी त्याचा काही संबंध नाही. ‘सी ओपस सिट’ या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरं, अर्थ ‘गरज पडली तर’. दुसरा शब्द पीआरएन, ‘प्रो रे नाटा’, म्हणजे ‘प्रसंग येईल तसं’. पुस्तकी भेद असा की एसओएस एकदाच द्यायचं आणि पीआरएन गरजेनुसार पुन्हा पुन्हा देता येतं. वॉर्डात हा भेद कुणी पाळत नाही, दोन्ही सरसकट ‘लागलं तर द्या’ याच अर्थानं चालतात. दुखण्याची, तापाची, मळमळीची, झोपेची, पोट साफ होण्याची औषधं बहुतेक याच खात्यात असतात.

ठरावीक वेळेचं औषध सोपं असतं. सकाळी ८ आणि रात्री ८, घड्याळ बघा आणि द्या. एसओएस औषधात मात्र देण्याचा निर्णय सिस्टरचा असतो. पेशंटला खरंच गरज आहे का, मागचा डोस कधी गेला, त्याचा किती उपयोग झाला, आत्ता देणं सुरक्षित आहे का, हे सगळं तिला बघावं लागतं. औषध कोणतं, किती आणि किती अंतरानं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. ‘४ ते ६’ लिहिलं की या दोन कामांमधली रेघ पुसट होते.

माझीच एक रात्र सांगते. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी, ऑपरेशननंतरची दुसरी रात्र. चार्टवर दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल ५० मिग्रॅ, दर ४ ते ६ तासांनी, एसओएस. शेवटचा डोस रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी. २ वाजून ५ मिनिटांनी आजींनी बेल वाजवली. मी चार्ट बघितला, मनातल्या मनात सहा तास मोजले आणि म्हटलं, “आजी, पावणेचारच्या आत नाही देता येणार.” त्या म्हणाल्या, “अगं, दुपारच्या सिस्टरनं चार तासांनी दिली होती की.” मी म्हटलं, “त्यांचं मला माहीत नाही.” आजी पुढे काही बोलल्या नाहीत. समोरच्या घड्याळाकडे बघत पडून राहिल्या. ३.४० ला मी गोळी घेऊन गेले तेव्हा त्यांच्या हातात चादरीचं टोक घट्ट धरलेलं होतं. सकाळी फिजिओथेरपीवाले आले, तर आजी बसायलाच तयार होईनात.

त्या रात्री मला वाटत होतं की मी सावधपणे वागले. खरं तर मी ऑर्डरचा माझ्या सोयीचा अर्थ लावला होता. दुपारच्या सिस्टरनं तिचा लावला होता. डॉक्टरांच्या मनात काय होतं, हे आम्ही दोघींनीही विचारलं नव्हतं.

चार आणि सहा, दोन्ही कशाला?

‘दर ४ तासांनी, गरज वाटल्यास’ एवढंच लिहिलं असतं तर काय अर्थ झाला असता? चार तासांच्या आत द्यायचं नाही. चार तास उलटल्यावर पेशंटला गरज असेल तेव्हा द्यायचं, मग साडेचार तासांनी, पाच तासांनी, सहा तासांनी किंवा दहा तासांनी. गरजच पडली नाही तर देऊच नका. म्हणजे लवचीकता ‘गरज वाटल्यास’ या दोन शब्दांतच पुरेपूर आली आहे. सहा तासांनी देण्याची मुभा त्यात आधीच आहे.

मग पुढे लिहिलेला सहाचा आकडा काय काम करतो? त्याचे तीनच अर्थ संभवतात. पहिला, सहा तासांच्या आत द्यायचं नाही. तसं असेल तर चार लिहिण्यात अर्थ नाही. दुसरा, चार तासांनी चालेल, पण सहा झाले तर बरं. पण कुणासाठी बरं आणि कोणत्या परिस्थितीत, ते लिहिलेलं नाही. तिसरा, सहा तासांपर्यंत दिलंच पाहिजे. तसं असेल तर ते एसओएस उरतच नाही, नियमित औषध होतं. कुठलाही अर्थ घ्या, सहाचा आकडा एक तर निरुपयोगी आहे किंवा ऑर्डरच्या बाकी भागाशी भांडतो आहे.

हे ज्यांना पहिल्यांदा दाखवून देते ते जरा वेळ वाद घालतात. “पण डोसमध्येही ‘१ ते २ गोळ्या’ असतंच की, ते चालतं मग हे का नाही?” प्रश्न रास्त आहे. डोसची रेंज खरंच काही सांगते. पहिल्यांदा एक द्या, पुरली नाही तर पुढच्या वेळी दोन द्या. गोळ्या किती द्यायच्या, हा निर्णय प्रत्येक वेळी घ्यावाच लागतो आणि तो घ्यायला त्या दोन आकड्यांची मदत होते. अमेरिकेतल्या वेदना-उपचार क्षेत्रातल्या नर्सेस आणि तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ मध्ये अफूवर्गीय वेदनाशामकांच्या रेंज ऑर्डरबद्दल संयुक्त निवेदन काढलं. त्यात डोसच्या रेंजला त्यांनी हरकत घेतली नाही, उलट तिचं माप सांगितलं: वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट असावा, पण साधारणपणे चौपटीच्या पुढे नसावा. या मापानं मॉर्फिन २ ते ४ मिग्रॅ ठीक आहे. २ ते १० मिग्रॅ नाही, कारण तिथे सिस्टरच्या हातात पाचपट फरकाचा निर्णय दिला जातो. वेळेच्या रेंजमधून मात्र असा कुठलाच उपयोगी निर्णय निघत नाही, नुसती शंका निघते.

तरी डॉक्टर असं का लिहितात? अर्धं उत्तर सवय. उरलेलं अर्धं जास्त रंजक आहे. औषधांच्या पुस्तकात तसंच छापलेलं असतं: ‘दर ४ ते ६ तासांनी’. पण पुस्तकातला तो आकडा वर्णन असतो. शंभर माणसांना हे औषध दिलं तर कुणाला चार तास पुरतं, कुणाला सहा, एवढंच पुस्तक सांगतं. त्याला समोरच्या खाटेवरचा माणूस माहीत नाही. डॉक्टरांना मात्र तो माहीत असतो. वय, वजन, किडनी, यकृत, बाकीची औषधं बघून त्या रेंजमधला आकडा त्यांनी निवडायचा असतो. पुस्तकातलं वर्णन जसंच्या तसं चार्टवर उतरलं की ती निवड झालेलीच नसते. ती पुढे ढकलली जाते आणि रात्री २ वाजता जी कुणी ड्यूटीवर असेल तिच्या पदरात पडते.

कुणी म्हणेल, औषधाच्या पाकिटावरसुद्धा ४ ते ६ तास लिहिलेलं असतं. असतं, पण बहुधा तिथेच २४ तासांत जास्तीत जास्त किती, हेही असतं. खरी राखण ते वाक्य करतं. चार्टवर उतरवताना नेमकं तेच गळतं.

एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. वेळेची रेंज काही सिस्टरनाही आवडते. वॉर्ड भरलेला असला, दोघींत तीसेक पेशंट असले की ‘अजून सहा तास नाही झाले’ हे वाक्य फार सोयीचं पडतं. आणि ज्या पेशंटला ते वारंवार ऐकावं लागतं तो घड्याळ धरून बसतो. चार तासांना पाच मिनिटं कमी असतानाच बेल वाजवतो. मग ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती देताना, त्याच्याबद्दल सांगितलं जातं, “औषधाच्या मागे लागलाय.” तो मागे लागलेला असतो तो वेदना थांबण्याच्या. एका ड्यूटीला मिळतं आणि दुसऱ्या ड्यूटीला मिळत नाही, असा अनुभव आला की कुणीही घड्याळ बघू लागेल.

कॉम्प्युटरवर चार्ट असतो तिथे प्रश्न सुटतो असं वाटतं. पण ‘पुढचा डोस किती वाजता देता येईल’ हे काढायला सॉफ्टवेअरला एकच आकडा लागतो. दोन दिले तर ते त्यातला एक धरतं, आणि कुठला धरायचा हे कुणीतरी कधीतरी सेटिंगमध्ये ठरवलेलं असतं. वॉर्डातल्या निम्म्या लोकांना ते माहीत नसतं.

औषधाचं स्वतःचं घड्याळ

दोन डोसमधलं अंतर कशावर ठरतं, हे थोडं समजून घेतलं की बाकीचं सोपं जातं. प्रत्येक औषधाच्या तीन वेळा असतात: असर सुरू व्हायची, असर शिगेला पोहोचायची आणि असर ओसरायची. शिरेतून दिलेल्या मॉर्फिनचा असर साधारण २० मिनिटांत शिगेला पोहोचतो. तोंडावाटे दिलेल्या साध्या मॉर्फिनला तासभर लागतो. दोन्हींचा असर तीन-चार तासांत ओसरू लागतो.

पेशंटला पुन्हा जाऊन बघायचं ते असर शिगेला असताना, म्हणजे इंजेक्शननंतर १५ ते ३० मिनिटांनी आणि गोळीनंतर तासाभरानं. दुखणं कमी झालं का, हे त्याच वेळी कळतं आणि धोकाही त्याच वेळी सर्वात जास्त असतो. अफूवर्गीय औषधांत श्वास मंदावण्याआधी सहसा गुंगी वाढते. पेशंट बोलता बोलता झोपायला लागला, वाक्य अर्धवट सोडून डोळे मिटू लागला तर पुढचा डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना कळवायचं, मग चार्टप्रमाणे वेळ झालेली असो वा नसो. श्वास मोजायचे ते पूर्ण एक मिनिट आणि पेशंटला हलवून जागं करण्याआधी. जागं केल्यावर माणूस चार श्वास भराभर घेतो आणि आकडा फसवा येतो.

किडनी नीट चालत नसेल तर मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारा एक प्रभावी घटक बाहेर पडत नाही, साठत जातो. अशा पेशंटला चार तासांचं अंतर कमी पडू शकतं. डॉक्टरांच्या मनातल्या ‘६’मागे कधीकधी हीच काळजी असते. पण ती काळजी ‘४ ते ६’ असं लिहून व्यक्त होत नाही. त्यासाठी सरळ लांबचं अंतर लिहावं, डोस कमी करावा, नाहीतर औषधच बदलावं.

आता जरा गुंतागुंतीची, पण रोज घडणारी गोष्ट. ऑर्डर आहे ‘१ ते २ गोळ्या, दर ४ तासांनी, गरज वाटल्यास’. १० वाजता एक गोळी दिली. ११ वाजता जाऊन बघितलं, दुखणं फारसं उतरलेलं नाही. दुसरी गोळी आत्ता देता येईल का, की २ वाजेपर्यंत थांबायचं? बऱ्याच रुग्णालयांत देता येते, कारण चार तासांत दोन गोळ्यांची परवानगी आहे आणि गेली आहे एकच. काही ठिकाणी नियमानं मनाई असते. तुमच्याकडे काय आहे, ते लेखी धोरणात बघा, शेजारच्या सिस्टरला विचारून भागवू नका.

११ वाजता दुसरी दिली असं धरू. मग पुढचा डोस कधी, २ वाजता की ३ वाजता? मी एक साधा हिशेब वापरते: मागच्या कुठल्याही चार तासांत दोनपेक्षा जास्त गोळ्या जाता कामा नयेत. २ वाजता मागे वळून बघितलं तर १० ची गोळी या चार तासांच्या खिडकीतून बाहेर पडलेली आहे, ११ ची अजून आत आहे. म्हणजे २ वाजता एकच देता येईल. दोन हव्या असतील तर ३ वाजेपर्यंत थांबायचं. रुग्णालयाचा नियम याहून कडक असेल, म्हणजे शेवटच्या गोळीपासून चार तास मोजायचे असा असेल, तर अर्थात तो पाळायचा. दिवसाची मर्यादाही अशीच मागचे २४ तास धरून मोजायची. रात्री १२ ला तारीख बदलते, यकृताला ते कळत नाही.

आणि मोजताना नुसती औषधाची नावं बघून चालत नाही. ट्रॅमाडॉल ३७.५ मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ अशी एकत्र गोळी सर्रास दिली जाते. त्याच चार्टवर तापासाठी पॅरासिटामॉल वेगळं असतं आणि सर्दीच्या गोळीत पुन्हा तेच दडलेलं असतं. तीन ओळी, तीन नावं, औषध एक.

मग ऑर्डर कशी असावी?

मला चालेल अशी ओळ: ‘पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, १ ते २ गोळ्या तोंडावाटे, दुखत असल्यास. दोन डोसमध्ये कमीत कमी ६ तास. २४ तासांत सगळे स्रोत धरून ४ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. आधी १ देऊन बघावी.’ लांबते खरी. पण यात मला रात्री २ वाजता अंदाज करावा लागत नाही.

‘दुखत असल्यास’ हे शब्द शोभेचे नाहीत. कारण न लिहिलेली एसओएस ऑर्डर अर्धवट असते. तीच गोळी तापावर आणि दुखण्यावर, दोन्हींवर चालते. दुखण्यासाठी दिलेल्या गोळीनं ऑपरेशननंतरचा ताप झाकला गेला तर जंतुसंसर्ग उशिरा लक्षात येतो. एकाच कारणासाठी दोन-तीन औषधं लिहिली असतील तर आधी कुठलं, त्यानं भागलं नाही तर पुढचं कुठलं, हेही लिहायला हवं. पॅरासिटामॉल, ट्रॅमाडॉल आणि मॉर्फिन तिन्ही ‘दुखल्यास’ लिहून ठेवलं तर निवड पुन्हा सिस्टरच्या गळ्यात.

यावर तोडगा म्हणून काही ठिकाणी दुखण्याचा आकडा (पेशंट ० ते १० मध्ये सांगतो तो) औषधाला जोडतात: १ ते ३ असेल तर हे, ४ ते ६ तर ते, ७ किंवा त्याच्या वर मॉर्फिन. दिसायला नीटनेटकं, पण मला ते पटत नाही. एखादा पेशंट ८ सांगतो आणि सांगता सांगता पेंगतो. दुसरा ५ सांगतो, पण खोकायचं म्हटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. नुसत्या आकड्यावर औषध दिलं तर पहिला धोक्यात येतो आणि दुसऱ्याचं दुखणं तसंच राहतं.

चार्टवर ‘४ ते ६’ दिसलंच तर काय करायचं? खोडून स्वतः ‘४’ लिहायचं नाही, तो आपला अधिकार नाही. मनाशी अर्थ लावून गप्प बसायचं, हे त्याहून वाईट, कारण पुढची सिस्टर दुसरा अर्थ लावेल. फोन करायचा. प्रश्न मोघम ठेवायचा नाही. “सर, ट्रॅमाडॉलचं काय करू?” असं विचारलं की “चार्टवर लिहिलंय ना” असं उत्तर मिळतं. त्यापेक्षा म्हणायचं, “सर, १२ नंबरच्या आजींना ९.४० ला ट्रॅमाडॉल ५० दिलंय. आत्ता सव्वादोन. दुखणं ७ आहे, जाग्या आहेत, श्वास १६. ऑर्डर ४ ते ६ तासांची आहे. कमीत कमी अंतर ४ तास धरायचं का? आणि दिवसाची मर्यादा किती ठेवायची?” उत्तर आलं की ते वाचून दाखवायचं, नियमाप्रमाणे लिहून घ्यायचं आणि डॉक्टरांची सही करून घ्यायची. दोन मिनिटांचं काम. शक्यतो हे रात्री करायची वेळ येऊ नये. संध्याकाळी ओव्हर घेतानाच एसओएसच्या ओळी वाचल्या तर डॉक्टर जागेच असतात.

काही पेशंटच्या बाबतीत मात्र एसओएस हा प्रकारच तोकडा पडतो. स्मृतिभ्रंश झालेले, व्हेंटिलेटरवर असलेले, अगदी लहान मुलं, आपली भाषा न येणारे. यातल्या काहींना मागता येत नाही, काहींचं मागणं आपल्याला कळत नाही. ‘मागितलं नाही’ असा शेरा चार्टवर पडत राहतो आणि दुखणं चालूच राहतं. तिथे चेहरा, हातापायांच्या हालचाली, कण्हणं बघून दुखण्याची नोंद करायच्या मोजपट्ट्या वापरायच्या. दुसरा गट दर चार तासांनी न चुकता मागणाऱ्यांचा. दिवसाचे सगळे डोस जर लागतच असतील तर ती ‘लागलं तर’ची गोष्ट राहिली नाही. डॉक्टरांना सांगून मूळ औषध नियमित करून घ्यायचं आणि एसओएस अधूनमधून उसळणाऱ्या दुखण्यापुरतं ठेवायचं. मळमळ, झोप, बद्धकोष्ठता यांच्या औषधांनाही अंतर आणि मर्यादेचा हाच नियम लागू. झोपेच्या गोळीला एक जास्तीची अट: पहाटे ४ ला दिली तर पेशंट सकाळच्या राउंडला गुंगीत असतो, म्हणून ‘या वेळेनंतर देऊ नये’ असंही लिहून घ्यावं.

नातेवाइकांसाठी एक गोष्ट उरते. आमचा सगळा हिशेब शेवटच्या डोसच्या वेळेवर उभा असतो आणि ती वेळ आम्ही चार्टवरून घेतो. तुमच्या पिशवीतली ओळखीची गोळी तुम्ही प्रेमानं दिलीत तर ती चार्टवर येत नाही. एकदा एका काकांना औषध देण्याआधी मी सवयीनं विचारलं, “मधे काही घेतलं नाही ना?” काका नाही म्हणाले. काकूंनी मात्र पदराआडून पाकीट काढून दाखवलं. तासाभरापूर्वी दोन गोळ्या दिलेल्या होत्या. मी हातातली वाटी परत ट्रॉलीवर ठेवली, पाकिटावरचं नाव आणि वेळ चार्टवर लिहिली आणि सहा तास तिथून मोजायला सुरुवात केली.